पट्टा ढिला करायची वेळ

नागपुरातल्या आमच्या लकडगंजात संत्र्याचा हंगाम आधी कानाला कळतो. बाजारात फळ यायच्या पंधरा दिवस आधीच गल्लीतल्या लाकूड कापायच्या सगळ्या आरामशिनी सकाळी आठला एका सुरात किंचाळायला लागतात, कारण फळाआधी पेट्या लागतात आणि पेट्यांआधी फळ्या. हल्ली प्लास्टिकचे क्रेट आलेत, पुठ्ठ्याचे खोके आलेत, तरी लांबच्या गाडीत माल भरायचा तर काही व्यापारी अजून लाकडाचीच पेटी मागतात. सालईच्या लाकडाच्या ओल्या भुशाचा वास, आणि त्यात फाटकाबाहेरच्या ठेल्यावर कोणीतरी सोललेल्या संत्र्याचा वास. परवा हा वास पुन्हा आला आणि माझा जबडा आपोआप आवळला गेला. तीन वर्षं झाली त्या हंगामाला. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्याचा जबडा बघूनच म्हणत असतील.

तेव्हा मी छप्पन्न वर्षांचा होतो आणि माझ्याकडे कामाचा एकच डोळा होता. डावा डोळा एकोणिसाव्या वर्षी वडिलांच्या आरामशीनवर लाकडाच्या एका उडालेल्या ढलपीनं नेला. वडील तेव्हा एवढंच म्हणाले होते, "एक राहिला ना? त्याले जप." जपला की! सदतीस वर्षं जपला. लाकडाची रेषा कुठं वळते, गाठ कुठं लपलीय, आऱ्याचा पट्टा कुठून घालावा म्हणजे फळी फुटणार नाही, हे सगळं त्या एका डोळ्यानं मला सांगितलं. आणि त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्याच डोळ्यानं सांगणं बंद केलं. दिव्यांभोवती कडी दिसायला लागली. कॅलेंडरवरच्या तारखा मुंग्यांसारख्या पसरल्या. मोतीबिंदू.

आता मोतीबिंदू म्हणजे काय मोठं! आमच्या गल्लीत दर हिवाळ्यात दोघं-तिघं काळा चष्मा लावून फिरतात. मीही तसाच बिनघोर गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर दोनशे साठ. साखरेचा आजार मला अकरा वर्षांपासून होता, पण मी त्याला घरजावयासारखा ठेवला होता, आहे तर आहे, बोलायचं नाही.

"तुम्हाला दुसरा डोळा असता तरी मी थांबवलं असतं," डॉक्टर म्हणाले. "इथे तर एकच आहे. एवढ्या साखरेत जखम चिघळली तर मी काय उत्तर देऊ? आधी साखर खाली आणा, मग टेबलावर घेतो."

"आणि नाहीच आली तर?"

"मोतीबिंदू काही थांबत नाही. तो पिकतच जाणार."

महिन्याभरानं पुन्हा गेलो. गोळ्या वाढवून झाल्या होत्या, इन्सुलिन सुरू झालं होतं, साखर-भात-बटाटा सगळं सोडलं होतं. दोनशे अठ्ठेचाळीस. पुन्हा परत. रिक्षात बायको, सुनंदा, रिपोर्टांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. मी मात्र रिक्षावाल्यावर, सिग्नलवर, डॉक्टरवर आणि पुढं चाललेल्या एका म्हशीवर आग पाखडत घरी आलो. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. आंधळा आरावाला म्हणजे काय, याचं चित्र माझ्या डोक्यातून जात नव्हतं, आणि ते कोणाला सांगायची लाज वाटत होती.

आमच्या मशीनवर हे फक्त एका माणसाला कळलं होतं. बाबाराव. वडिलांच्या काळापासूनचे कारागीर. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, पट्ट्याला धार लावण्यात त्यांचा हात धरणारा सगळ्या लकडगंजात नाही. मी पेन्सिलीची रेघ बघायच्या ऐवजी नखानं चाचपतोय, हे त्यांनी एकदा बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते ओंडक्यावर गेरूनं बोटभर जाडीची रेघ ओढायला लागले. विचारलं नाही, सांगितलं नाही. मी त्यावरही खेकसलोच, "एवढी जाड रेघ? फळी कापायची का रस्ता रंगवायचा आहे?" ते ऐकून घेत. माझं ओरडणं पूर्ण संपेपर्यंत थांबत आणि मग शांतपणे विचारत, "झालं का जी?" हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. त्या तीन शब्दांनी मी आणखी भडकायचो.

दवाखान्यात एक ताई बसायच्या, आहार आणि ताणाबद्दल समजावणाऱ्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. दुसऱ्यांदा परत पाठवताना डॉक्टरांनी मला त्यांच्यासमोर बसवलं.

"काका, राग आला, भीती वाटली की शरीराला वाटतं संकट आलं," त्या म्हणाल्या. "लढायला ताकद हवी म्हणून यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. पण तुम्ही तर लढत नाही, नुसतेच संतापता. मग ती साखर जाणार कुठे? दिवसातून किती वेळा चिडता?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा बोलली. "कोण मोजते बाप्पा! श्वास घेतेत तितक्यांदा समजा."

ताई हसल्या. मग त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, श्वास. चार आकडे मोजत आत, पोट फुगू द्यायचं, आणि सहा आकडे मोजत बाहेर. दुसरी, अंग सोडणं. एकेक भाग आधी मुद्दाम आवळायचा, मूठ, खांदे, जबडा, पोटऱ्या. पाच आकडे तसाच धरायचा आणि मग हळूहळू सोडायचा. रोज संध्याकाळी, एकाच वेळी, वीस मिनिटं. "औषधं बंद करायची नाहीत हं. इन्सुलिन, गोळ्या, जेवणानंतरचं चालणं, सगळं चालूच. हे त्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही. आणि सारखी सारखी साखर मोजत बसू नका."

शांत व्हा! आजवर कोणाला 'शांत हो' म्हटल्यावर कोणी शांत झालंय का हो? पण डोळा एकच होता. दगडाखाली सापडलेला हात हळूच काढावा लागतो.

आता चूक सांगतो. आम्ही पेटीवाले लोक. शंभर पेट्यांची ऑर्डर आली की शंभर पेट्या, ठरल्या वेळेला, मोजून. मी शांतीसुद्धा तशीच करायला घेतली. मोबाइलमध्ये सातचा गजर लावला. सतरंजी टाकली. शंभर श्वास. ऐंशीव्या श्वासाला व्यापाऱ्याचा फोन वाजायचा, मी दात-ओठ खात एक्याऐंशी म्हणायचो. शंभर झाले की लगेच बोटाला सुई, थेंब, पट्टी. दोनशे तीस. म्हणजे काय? शंभर श्वास टाकले आणि मिळालं काय? पुन्हा पन्नास श्वास, पुन्हा सुई. दोनशे एक्केचाळीस! वाढली! दहाही बोटांच्या टोकांना भोकं पडली होती. सुनंदा दारात उभी राहून बघायची.

"अवो, काहून स्वतःलेच टोचून राहिले? ताईनं नाई म्हटलं ना."

"तू जा वं. मी शांत होऊन राहिलो ना इथं!"

हे वाक्य मी इतक्या जोरात ओरडलो होतो की शेजारच्यांनी खिडकी बंद केली. आज हसू येतं. तेव्हा डोक्यात एकच होतं, महिना संपतोय, मोतीबिंदू पिकतोय, आणि हंगाम ऐन भरात आहे.

आमच्या मशीनवर एक जुनी रीत आहे. आऱ्याचा पोलादी पट्टा दोन मोठ्या चाकांवर ताणलेला असतो. ताणल्याशिवाय तो कापतच नाही. पण संध्याकाळी काम संपलं की बाजूचं छोटं चाक उलटं फिरवून तो ढिला करायचा. सहा फेरे. दिवसभर तापलेलं पोलाद थंडीत रात्रभर आखडतं. ताणात राहिलं तर त्याला आतून चीर जाते, दिसत नाही, आणि सकाळी मशीन सुरू केली की तुटतं. म्हणून ते काम वडिलांनी कधी मजुरावर टाकलं नाही. मालकानं स्वतःच्या हातानं करायचं, मगच कुलूप. "दिवसभर राबवलं त्याले," ते म्हणायचे, "रात्री तं सोड." वडिलांनंतर तीस वर्षांत मी एकदाही चुकलो नव्हतो.

त्या दिवशी चुकलो. शेवटचा ओंडका संपला आणि खिशात सातचा गजर वाजला. शांत व्हायची वेळ! मी बटण बंद केलं, कुलूप ठोकलं आणि स्कूटर पळवली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. घरी आलो, सतरंजीवर पडलो, श्वास मोजले, सुई टोचली. एकशे अठ्ठ्याण्णव! दोनशेच्या आत, महिन्यात पहिल्यांदा. मी सुनंदाला हाक मारून तो आकडा दाखवला. तीही हसली. त्या आनंदात पट्ट्याची आठवण आली असती तर! नाही आली.

सकाळी मी फाटकातून आत येत होतो तेव्हा बाबारावांनी मशीन सुरू केली होती. आधी नेहमीचा आवाज चढला, आणि मग एक असा कडाका झाला की भिंतीवरची पाखरं उडाली. पट्टा तुटला होता. तुटलेला पट्टा सापासारखा उसळतो, समोर येईल त्याला कापतो. मी धावलो. मला दिसत होती ती फक्त भुशाची धूळ आणि तिच्यात एक पाठमोरी आकृती.

"लागलं का? बाबाराव! लागलं का?"

"नाई जी. काई नाई झालं."

ते वळले नाहीत. खांद्यावरचा दुपट्टा काढून हाताभोवती गुंडाळतायत एवढं अंधुक दिसलं. मला वाटलं, हात पुसतायत. आणि माणूस धड आहे हे कळल्याबरोबर माझी भीती जी उलटली ती रागात. "सुरू करण्याआधी ताण बघायचा नाही का? डोळे फुटले का तुमचे?" हे मी म्हणालो. मी! मी तणतणत त्या छोट्या चाकाशी गेलो, हात लावला. घट्ट. कालचंच घट्ट. माझ्या हातानं सुटायचं राहिलेलं.

मागून आवाज आला. "झालं का जी?" आणि मग थोड्या वेळानं, "काल घाई होती तुमाले. व्हतेच कधी कधी." मग, सायकलचं काम आहे, दोन तासांत येतो, म्हणून ते गेले. मी ओंडक्यावर बसून राहिलो. मी शांत व्हायला पळालो होतो आणि माझ्यामुळं एक माणूस मरता मरता वाचला होता. साखरेचं काय घेऊन बसलात!

दुपारी ते परत आले ते तपकिरी स्वेटर घालून. नागपूरची थंडी सकाळची. दुपारी बाराला मशीनजवळ कोणी स्वेटर घालत नाही. "बाही अडकेल," मी बजावलं. त्यांनी मनगटावर सुतळी बांधून घेतली. "म्हातारपण आलं जी. थंडी वाजून राहिली."

त्या संध्याकाळी नवा पट्टा ढिला करायला मी छोट्या चाकाशी उभा राहिलो. मी चाक गर्रकन फिरवायला गेलो, तर बाबारावांनी माझ्या मनगटावर डावा हात ठेवला. "एकदम नका सोडू. एक फेरा फिरवा, थांबा. तो सैल पडते, मंग दुसरा. तुमाले काय सांगाचं, तुमच्याच बापानं शिकवलं मले." मी एक फेरा फिरवला, थांबलो. पट्टा किंचित कुरकुरला. दुसरा. आणि तिसऱ्या फेऱ्याला मला कळलं की माझे दात एकमेकांवर घट्ट रुतलेत, सकाळपासून नव्हे, बहुधा दिवाळीपासून. ताई जे सांगत होत्या ते हेच होतं. आधी जबडा सोडला. चौथ्या फेऱ्याला खांदे. पाचव्याला मुठी. सहाव्याला श्वास आपोआप लांबला. कोणी मोजला नाही.

मग रोज तसंच. सतरंजी गुंडाळून ठेवली, गजर पुसून टाकला. साखर ताईंनी सांगितल्या वेळेलाच मोजायची, सुनंदा आकडा लिहून ठेवायची आणि मला सांगायची नाही. एकदम जादू झाली असं काही नाही. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं. कधी उतरली, कधी व्यापाऱ्यानं माल नाकारला आणि पुन्हा चढली. इन्सुलिन डॉक्टरांनी बदलून दिलं, रात्री जेवणानंतर आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या मैदानाला चार चकरा मारायचो. कोणत्या गोष्टीनं किती उतरली हे मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "वाटण्या कशाला करता? उतरली ना?" तिसऱ्यांदा गेलो तेव्हा एकशे बत्तीस होती. सुनंदा डोळे पुसत होती, ते मला दिसलं नाही, नाकाच्या आवाजावरून कळलं.

ऑपरेशनच्या वेळी माणूस जागाच असतो. अंगावर हिरवं कापड आणि डोळ्यावर पांढराशुभ्र उजेड. "अजिबात हलायचं नाही," डॉक्टर म्हणाले. माझा एकुलता एक डोळा त्या सुरीखाली होता. मी मनातल्या मनात चाक धरलं. एक फेरा, जबडा. दुसरा, खांदे. चाकाच्या गार लोखंडाचा स्पर्श मला तळहाताला खरोखर जाणवत होता. सहा झाले की पुन्हा पहिल्यापासून. किती वेळा, माहीत नाही.

मशीनवर परत आलो तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता आणि ऊन चावायला लागलं होतं. काळा चष्मा काढला. बापरे! छपरातली जळमटं, भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोवरचा ओरखडा, ओंडक्यावरचं एकेक वर्तुळ. मी लहान पोरासारखा लाकडाला हात लावत फिरलो. बाबाराव पट्ट्याला धार लावत बसले होते. स्वेटर शेजारी घडी करून ठेवलेला. तो मी नीट पाहिला. कोपराला सुनंदानं केलेलं रफू. माझा स्वेटर होता तो, जुना.

मग त्यांचा उजवा हात पाहिला. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत जाड, गुलाबी, वेडावाकडा व्रण. दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा. मी मोजल्या. सतरा.

"बाबाराव, हे काय?"

त्यांनी हात मागं घ्यायला बघितलं, पण आता मला दिसत होतं. "तवाचंच जी. तुमच्या घरी गेल्तो, वहिनीनं दवाखान्यात नेलं. स्वेटरबी तिनंच देल्ला."

"आणि मला सांगितलं नाही? दोघांनी? अडीच महिने?"

"सांगतलं असतं तं तुमची साखर वाढली असती. डोळा गेला असता तुमचा."

अडीच महिने तो माणूस दुपारच्या उन्हातही स्वेटर घालून माझ्यासमोर फळ्या ओढत होता. डाव्या हातानं चहा पीत होता. आणि मी त्याला म्हणालो होतो, डोळे फुटले का तुमचे. मी त्यांच्यासमोर भुशातच बसलो, तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि त्या व्रणावरून अंगठा फिरवत राहिलो, जसा आंधळेपणी ओंडक्यावरून फिरवायचो.

बाबाराव बराच वेळ थांबले. सवयीनं.

"झालं का जी?"

"नाही," मी म्हणालो. "नाही झालं."

त्या संध्याकाळी पट्ट्याचे सहा फेरे मी सोडले. जबडा सुटला नाही. रात्री सुनंदानं साखर मोजली, आकडा लिहिला, आणि या वेळी मी न विचारताच तिनं तो सांगितला. दोनशे बारा. मी म्हटलं, राहू दे, आज एवढी असायलाच पाहिजे.